घडीच्या चाकूचा खटका बिघडला तर

मुंबईच्या रे रोड स्टेशनातून गोदीच्या बाजूला उतरलं की दारूखान्याच्या गल्ल्या सुरू होतात. लोखंडी पत्रे, साखळदंड, वायररोप, जहाजांवरून उतरलेलं सामान. इथे दिवसभर माल बांधला जातो आणि सोडवला जातो. सुतळी, नायलॉनचा दोर, ताडपत्री, खोक्यांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळं कापावं लागतं, आणि त्यासाठी गोदामातल्या माणसाच्या किंवा टेम्पोवाल्याच्या खिशात घडीचा चाकू असतो. पात्याला धार नसेल तर त्याची तक्रार लगेच होते. खटका सैल झाला असेल तर मात्र ‘चालतंय की’ म्हणून महिनोन्‌महिने तसाच वापरला जातो. खरा धोका तिथे आहे. बोथट पातं काम अडवतं, बिघडलेला खटका बोट कापतो.

खटका नेमकं काय करतो

उघडलेलं पातं मुठीकडे परत मिटू नये, एवढंच खटक्याचं काम. पण प्रत्येक घडीच्या चाकूला खटका असतोच असं नाही, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. साध्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाब देऊन ते उघडं धरते. उघडताना ‘टक्’ आवाज येतो म्हणून आपण समजतो की पातं अडकलं. ते अडकलेलं नसतं, नुसतं दाबून धरलेलं असतं. ओळखीच्या लाल मुठीच्या स्विस चाकूंत ९१ मिलिमीटरचा नेहमीचा चाकू असा बिनखटक्याचा आहे. त्यांच्यातल्याच १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंना खटका असतो. आपल्या हातातला चाकू यातला कुठला, हे आधी पाहून घ्यावं. बिनखटक्याचं पातं पाठीवर दाबल्यावर मिटलं तर तो बिघाड नव्हे.

खटक्याचे प्रकार बरेच आहेत, पण बाजारात मुख्यतः तीन दिसतात. पहिला पाठीवरचा: मुठीच्या पाठीत एक दांडी बसवलेली असते, तिचं पुढचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतं, आणि मागचं टोक दाबलं की नाक उचललं जातं. दुसरा आतल्या पट्टीचा: मुठीच्या आतली पातळ पोलादी पट्टी एका अंगाने कापून किंचित वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती आपसूक सरकून त्याच्या बुडामागे टेकू देते. अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात या रचनेला आजचं रूप दिलं, आणि आज स्वस्त चाकूंपैकी बहुतेक याच धाटणीचे असतात. तिसरा कड्याचा: फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून असलेलं, हाताने फिरवायचं पोलादी कडं. रामपुरीचा बटणाचा खटका हा वेगळाच विषय आहे. तो कामाचा चाकू नव्हे.

बिघाड कसा ओळखायचा

चाकू पूर्ण उघडा. दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून ते आधी डावी-उजवीकडे हलवून पाहा, मग वर-खाली. आडवं हलत असेल तर पातं ज्यावर फिरतं ती खिळी बहुधा सैल आहे, एवढंच. वर-खाली, म्हणजे मिटायच्या दिशेने डुगडुगत असेल, तर दोष खटक्यात आहे आणि तो गंभीर आहे.

आतल्या पट्टीच्या चाकूत पट्टी कुठवर सरकते तेही पाहावं. नव्या चाकूत ती पात्याच्या बुडाच्या सुरुवातीच्या भागावर टेकते. ते बूड किंचित तिरपं घासलेलं असतं. झीज झाली की पट्टी थोडी आणखी आत सरकते आणि झीज भरून काढते. सरकत सरकत ती समोरच्या भिंतीला टेकली की पुढे सरकायला जागाच उरत नाही. तिथून डुगडुग सुरू होते. याउलट पट्टी नुसती कडेवरच टेकत असेल तर ती निसटू शकते.

शेवटी भार देऊन पाहायचं. हातमोजा घाला आणि बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून मूठ धरा. पात्याची पाठ मऊ लाकडावर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा. एकदाही निसटलं तर तो खटका भरवशाचा नाही. काही जण पात्याची पाठ टेबलावर जोरात आपटून परीक्षा घेतात. तसं करू नये. त्या दणक्याने चांगला खटकाही बिघडू शकतो.

आधी मळ, मग तेल

खटके बिघडतात त्यामागे बहुतेक वेळा मळ असतो. खिशातला कापसाचा धुरळा, तंबाखूची पूड, लोखंडाचा कीस, सिमेंटची धूळ. पाठीवरच्या खटक्याची खाच अशा गाळाने भरली की नाक पूर्ण खाली पडत नाही, अर्धवट अडकतं आणि ऐन वेळी सुटतं. गोदीच्या बाजूला यात खाऱ्या हवेची भर पडते. स्टेनलेस म्हणून विकलेलं पोलादही मिठाने बारीक टोचल्यासारखं गंजतं, आणि गंज पहिल्यांदा धरतो तो जिथे हात पोचत नाही अशा सांध्यात.

कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. चाकू उघडा ठेवून सांधा, खाच आणि पट्टीमागची फट घासावी. फटीतला गाळ दातकोरणीने काढावा, सुईने नको, ती आत मोडून बसते. मग भरपूर पाण्याने धुऊन, झटकून, पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्यावा. लाकडी मुठीचा चाकू मात्र पाण्यात बुडवू नये. ओपिनेलचं लाकूड पावसाळ्यात आपणहून फुगतं आणि पातं आत आवळतं. तो बिघाड नाही, कोरड्या जागी ठेवला की सुटतो.

कोरडा झाल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब खिळीवर. एकच. पट्टीच्या खटक्यात पट्टी आणि पात्याचं बूड जिथे भिडतात तिथलं तेल स्वच्छ पुसून टाकावं, कारण तो खटका टिकतो घर्षणावर. तिथे तेल म्हणजे निसटायला वाट. पाठीवरच्या खटक्याच्या दांडीच्या खिळीलाही थोडं तेल चालतं.

उलट तक्रारही असते, पट्टी चिकटून बसते आणि अंगठ्याने सुटत नाही. अशा वेळी पात्याच्या बुडावर मऊ पेन्सिल घासावी. ग्रॅफाइटच्या पातळ थराने पट्टी मोकळी होते.

खिळी सैल झाली असेल तर

नव्या चाकूंना खिळीच्या जागी स्क्रू असतो, बहुधा चांदणीच्या आकाराच्या खाचेचा. त्याला टी ६ किंवा टी ८ मापाचा पाना लागतो. भलत्या मापाचा लावला तर खाच घासून गोल होते आणि मग तो स्क्रू कायमचा गेला. पाव फेरा आवळून पातं फिरवून बघावं, पुन्हा थोडं आवळावं. पातं सहज फिरतंय आणि आडवं हलत नाही, तिथे थांबावं. वारंवार सैल होत असेल तर स्क्रू काढून, पुसून, आट्यांना निळ्या रंगाच्या स्क्रू-डिंकाचा कणभर थेंब लावावा. लाल डिंक नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

जुन्या चाकूत स्क्रू नसतो, ठोकलेलं रिव्हेट असतं. ते ऐरणीवर ठेवून गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने हलकेच ठोकलं की पुन्हा घट्ट बसतं. काम दिसतं सोपं, पण दोन ठोके जास्त पडले की पातं फिरतच नाही. जाणत्या फिटरकडून करून घेतलेलं बरं.

कुठे थांबायचं

साफ केलं, आवळलं, तरी पातं मिटायच्या दिशेने हलतंच आहे, तर खटका झिजला आहे. इथे माझं मत ठाम आहे: तो चाकू कामातून काढावा. पट्टीचं टोक कानशीने घासून ‘बसवायचा’ मोह होतो. पण घासल्याने पट्टी आणखी आखूड होते, आणि तिरपेपणा चुकला की ती पहिल्याच दाबाला निसटते. वेल्डिंगचा ठिपका मारून देणाराही कुणीतरी भेटतो. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंगची लवचीकता जाते, पातंही मऊ पडतं. चाकू चांगल्या कंपनीचा आणि हमीतला असेल तर न उघडता परत पाठवावा, कारण बऱ्याच कंपन्या आपण उघडलेल्या चाकूची हमी मानत नाहीत.

कापण्याची रीत

खटका कितीही चांगला असला तरी तो चुकून लागणाऱ्या धक्क्यासाठी आहे. घडीचा चाकू खुपसायला, उचकटायला किंवा पाठीवर ठोकून फोडायला वापरू नये, कारण या कामांत जोर पातं मिटायच्या दिशेने किंवा आडवा सांध्यावर जातो. टोक गोणीत खुपसलं आणि आत काही कठीण लागलं की पातं मागे वळतं, आणि वाटेत चार बोटं असतात. दोर धारेकडून ओढून कापावा. रोजचं काम पट्ट्या आणि ताडपत्रीचं असेल तर अखंड पात्याची सुरी म्यानासह किंवा पातं आत सरकणारा कटर कधीही बरा.

बोट कापलंच तर

पातं मिटून होणारी जखम बोटांच्या तळव्याकडच्या बाजूला होते, आणि बोट वाकवणारे टेंडन तिथेच कातडीखाली असतात. जखम वाहत्या पाण्याखाली धुवावी, स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरावा. हळद, चहापूड, तंबाखू भरू नये. मग एकेक बोट, टोकाच्या पेरासकट, वाकतंय का ते पाहावं. वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर नुसते टाके घालून भागणार नाही. त्याच दिवशी भायखळ्याचं जे. जे. किंवा परळचं केईएम गाठावं. दोन्हीकडे प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारावं.

खिशातला चाकू आणि कायदा

शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या वापराची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायला मनाई करणारे आदेश मुंबईत वेळोवेळी निघतात, आणि ते मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा होते. कामाचा चाकू कामाच्या जागीच, हत्यारांच्या पेटीत ठेवावा.

निकामी चाकूचं काय करायचं

पातं मिटवून मुठीभोवती चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्यावेत आणि भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यावा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती पिशवी पुढे सफाई कामगार हाताने उचलतात.