कावळा बसला आणि फांदी तुटली

एका सोमवारची गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. एक मीटर लांबीचा लंबक झुलताना मोबाइलवर चित्रित करायचा, ती चित्रफीत संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवून आंदोलनकाल मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढून दाखवायचे, असा आमचा बेत होता. अशा लंबकाचा आंदोलनकाल सुमारे २ सेकंद असतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

चित्रफीत लावली. लंबक डावीकडून निघाला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला! आवाज मात्र चालूच होता. पंख्याची घरघर ऐकू येत होती, आंदोलने मोजणारी विद्यार्थिनी "सात, आठ, नऊ" म्हणत होती, आणि लंबक आपला अधांतरी लटकलेला! चार-पाच सेकंदांनी चित्राने एकदम उडी मारली, थोडे चालले आणि पुन्हा गोठले.

"सर, शनिवारी मी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला होता," दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी हळूच म्हणाला. "प्रदर्शनात चित्र चांगले दिसावे म्हणून."

"मग हा तुझाच प्रताप! चालत्या यंत्राला हात लावायला कुणी सांगितले होते तुला?" मी सर्वांदेखत म्हणालो. तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला.

आमचे प्रयोगशाळा सहायक वयाने माझ्यापेक्षा मोठे. ते शांतपणे म्हणाले, "सर, कावळा बसायला आणि फांदी तुटायला कधीकधी गाठ पडते. ही फीत शनिवारच्या आधी कुणी चालवून पाहिली होती का?"

कुणीच पाहिली नव्हती. मी वरमलो. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिली हे दुसरीचे कारण, असे मानणे ही तर्कातली जुनी चूक आहे. आपल्या पूर्वजांनी असल्या योगायोगाला 'काकतालीय न्याय' असे नावच देऊन ठेवले आहे. वर्गात मी हे शिकवतो, आणि त्या दिवशी स्वतःच विसरलो होतो! मग आम्ही ठरवले की, या गोठलेल्या चित्राचाच एक प्रयोग करायचा.

चित्र पडद्यावर येते कसे?

दोष शोधण्याआधी यंत्र चालते कसे, ते पाहू या. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असले, तर एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट लागतात असे धरा. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला १८ कोटी ६६ लाखांहून अधिक बाइट हवेत! त्यामानाने आवाजाची भूक फारच थोडी. संगीताच्या सीडीवरील आवाजाला सेकंदाला फक्त १,७६,४०० बाइट पुरतात.

एवढी प्रचंड माहिती साठवणे परवडत नाही. म्हणून चित्रफीत दाबून, म्हणजे संक्षेप करून साठवतात. त्याची युक्ती मोठी गमतीची आहे. क्रिकेटच्या मैदानावरचा धावफलक आठवा. प्रत्येक चेंडूनंतर संपूर्ण फलक नव्याने रंगवीत नाहीत. जो आकडा बदलला तेवढाच बदलतात. चित्रफितीतही तसेच आहे. एखादे चित्र पूर्ण लिहिलेले असते आणि पुढच्या चित्रांत 'मागच्यापेक्षा काय बदलले' एवढेच मुख्यतः नोंदलेले असते. आमच्या फितीत भिंत, टेबल, स्टँड सारे स्थिर. हालतो तो फक्त लंबक.

हा संक्षेप करण्याचे ठरावीक नियम आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेली 'एच.२६४' ही नियमावली आजही सर्वत्र वापरात आहे. २०१३ साली तिची धाकटी बहीण 'एच.२६५' आली. ती त्याच प्रतीचे चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसवते; पण ते उलगडताना आकडेमोड जास्त करावी लागते.

आता लक्षात येईल की, उलगडणारा मागे पडला तर चित्र का गोठते. मधली नोंद गाळली, तर पुढच्या नोंदींचा अर्थच लागत नाही. मग चित्रफीत चालवणारा प्रोग्राम मागे राहिलेली चित्रे सोडून देतो आणि पुढचे पूर्ण चित्र मिळताच तेथे उडी मारतो. आवाजाचे काम हलके असल्यामुळे तो बिनघोर चालत राहतो. चित्र थांबले पण आवाज चालू आहे, ही खूणच सांगते की, सारा संगणक बंद पडलेला नाही. अडचण चित्राच्या वाटेवर आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

चित्र उलगडण्याचे काम दोन ठिकाणी होऊ शकते. एक म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. तो कोणतेही काम करतो, पण सारी कामे त्याच्याच डोक्यावर असतात. दुसरे ठिकाण म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्यात चित्रफीत उलगडण्यासाठी वेगळा परिपथ असतो. तो तेवढे एकच काम करतो, पण झपाट्याने आणि थोड्या विजेत करतो.

मग ड्रायव्हर म्हणजे काय? हा गाडी हाकणारा नव्हे बरे का! हा एक प्रोग्राम आहे. संगणकाची कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला तो दुभाषा. तो चुकला तर कार्डाकडे भलतेच हुकूम जातील आणि चित्र थांबेल. तेव्हा त्याच्यावर संशय घेणे गैर नव्हते. पुरावा न पाहता निकाल देणे, हे मात्र गैर होते.

चार खणांचा तक्ता

आम्ही फळ्यावर लिहिले : शनिवारपासून काय काय बदलले? पहिला बदल ड्रायव्हरचा. आणि दुसरा? लंबकाची फीत रविवारी चित्रित केलेली, म्हणजे तीही नवी! नीट चालणाऱ्या फिती होत्या त्या गेल्या वर्षीच्या. शिवाय तिसरा फरक निघाला. जुन्या फिती संगणकाच्या डिस्कवर होत्या, तर नवी फीत पेनड्राइव्हवरून चालवली जात होती.

प्रथम तिसरा फरक काढून टाकला. नवी फीत डिस्कवर उतरवून घेतली आणि लावली. ती तरीही गोठली. म्हणजे पेनड्राइव्ह निर्दोष.

उरले दोन फरक. शेतकऱ्याने एकाच वर्षी बियाणेही बदलले आणि खतही बदलले, तर पीक कमीअधिक झाल्याचे श्रेय वा दोष कुणाला द्यायचा? हे ठरवण्यासाठी चार वाफे हवेत : जुने बी–जुने खत, जुने बी–नवे खत, नवे बी–जुने खत आणि नवे बी–नवे खत. रोनाल्ड फिशर या इंग्लिश शास्त्रज्ञाने रोदमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना अशा प्रयोगांचे शास्त्र उभे केले आणि १९३५ साली 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' या ग्रंथात ते मांडले. आमचे चार वाफे असे होते :

१. जुना ड्रायव्हर, जुनी फीत
२. नवा ड्रायव्हर, जुनी फीत
३. जुना ड्रायव्हर, नवी फीत
४. नवा ड्रायव्हर, नवी फीत

पहिल्या वाफ्याचा निकाल शनिवारपूर्वीचा होता : फीत चालते. चौथ्याचा सोमवारी कळला : गोठते. एवढ्यावरूनच मी निकाल दिला होता! मधले दोन वाफे कुणी नांगरलेच नव्हते.

दुसरा वाफा सोपा होता. नव्या ड्रायव्हरवर गेल्या वर्षीची फीत लावली. ती तीनदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत विनातक्रार चालली.

तिसऱ्यासाठी जुना ड्रायव्हर परत आणायला हवा. विंडोजमध्ये त्याची सोय आहे. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली आपल्या कार्डाचे नाव निवडायचे, 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' या पानावर जायचे आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबायचे. ते बटण फिकट दिसले, तर जुना ड्रायव्हर संगणकात शिल्लक नाही असे समजावे. मग तो कार्ड बनवणाऱ्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. काही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि प्रयोग संपेपर्यंत इंटरनेट बंद ठेवावे. नाही तर संगणक आपणहून पुन्हा नवा ड्रायव्हर बसवून घेण्याची शक्यता असते.

जुना ड्रायव्हर बसला. प्रथम जुनी फीत लावून पाहिली, चालली. मग नवी लावली. सारे श्वास रोखून पाहत होते. लंबक निघाला, मध्यावर आला… आणि थांबला!

तीनदा लावली, तीनदा गोठली. ड्रायव्हर कोणताही असो, जुनी फीत चालते आणि नवी गोठते. कावळा निर्दोष होता. फांदीच किडलेली होती.

खरे कारण

आता नव्या फितीकडे वळलो. विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' संगणकाचा कोणता भाग किती राबतो आहे, ते आलेखाने दाखवतो. जुनी फीत चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा 'व्हिडिओ डिकोड' हा आलेख वर उठला होता आणि मुख्य प्रोसेसर निवांत होता. नवी फीत लावताच चित्र उलटे झाले. कार्डाचा आलेख शून्यावर आणि मुख्य प्रोसेसर १०० टक्क्यांवर!

फितीची माहिती पाहिली, तेव्हा उलगडा झाला. जुनी फीत एच.२६४ची, १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांची, सेकंदाला ३० चित्रांची. नवी फीत एच.२६५ची, ३,८४० गुणिले २,१६० ठिपक्यांची, सेकंदाला ६० चित्रांची. ठिपके चौपट, चित्रे दुप्पट. म्हणजे काम आठपट. शिवाय नियमावलीही अवघड. आमचे कार्ड जुने. त्याच्या परिपथाला एच.२६५ येतच नव्हते. कोणत्या नियमावल्या येणार, हे सहसा परिपथ तयार होतानाच ठरते. दुभाषा कितीही नवा आणला, तरी ऐकणाऱ्याला ते गणितच येत नसेल तर तो काय करणार? म्हणून सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडला आणि त्याचा दम उखडला.

उपाय सोपा होता. तोच लंबक पुन्हा चित्रित केला. या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ आणि १,९२० गुणिले १,०८० ठिपके निवडले. सेकंदाला ६० चित्रे मात्र कायम ठेवली, कारण दोन चित्रांतील १/६० सेकंद हेच आमचे घड्याळ होते. फीत सुरळीत चालली.

ड्रायव्हर खरोखर दोषी असेल तर?

असेही घडते, नाही असे नाही. तिसऱ्या वाफ्यात, म्हणजे जुना ड्रायव्हर येताच, नवी फीत चालू लागली असती, तर संशय पक्का झाला असता. त्याच्या आणखीही काही खुणा आहेत. चित्र गोठून सारा पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा उजळतो. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अशी योजना आहे की, कार्डाने सुमारे २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर कार्यप्रणाली त्याला नव्याने सुरू करते. म्हणून पडदा लुकलुकतो. मात्र कार्ड तापले किंवा बिघडले तरीही असे होऊ शकते. तेव्हा पंख्यावरची धूळही पाहावी.

दुसरी कसोटी अशी. चित्रफीत चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' किंवा 'हार्डवेअर डिकोडिंग' बंद करता येते. मग कार्डाचा उलगडणारा परिपथ बाजूला राहतो आणि काम मुख्य प्रोसेसरकडे जाते. तसे करताच गोठणे थांबले, तर दोष परिपथ आणि त्याचा दुभाषा यांच्या वाटेवर आहे. मग जुन्या ड्रायव्हरवर जावे, किंवा नवाच ड्रायव्हर आधीचे अवशेष पुसून पुन्हा बसवून पाहावा. पण एक नियम कधी मोडू नका : एका वेळी एकच बदल करा, प्रत्येक चाचणी दोन-तीनदा घ्या आणि निकाल वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र सुधारते. आपण मात्र काहीच शिकत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरल्यावर मी हा चार वाफ्यांचा तक्ता फळ्यावर काढला आणि सगळा निकाल समजावून सांगितला. ज्याला सर्वांदेखत बोललो होतो, त्याची सर्वांदेखत माफी मागितली. एक गोष्ट सांगायची राहिली होती, तीही सांगितली : नवी फीत ज्या नव्या मोबाइलवर चित्रित झाली होती, तो माझाच होता!

आता तुमच्यासाठी एक कोडे. समजा, दुसऱ्या एका शाळेतील संगणकावर असा निकाल लागला : पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाफ्यात फीत नीट चालते, फक्त चौथ्यात, नवा ड्रायव्हर आणि नवी फीत एकत्र आल्यावरच गोठते. तर मग दोष कुणाचा? ड्रायव्हरचा, फितीचा, की दोघांच्या जोडीचा? आणि ते नक्की करण्यासाठी पुढची चाचणी तुम्ही कोणती घ्याल? वहीत चार खण आखा आणि विचार करा. घाईने निकाल मात्र देऊ नका!