अस्वलाचं नाक साच्यातच का राहतं?

मैत्रिणींनो, साचा ही वस्तू आपल्याला काही नवी नाही. करंजीचा, मोदकाचा साचा तर घरोघरी असतो. होळी जवळ आली की आपल्या खान्देशात साखरेचे हारकडे बनतात, तेही लाकडी साच्यांतच. पाक ओतण्यापूर्वी ते साचे पाण्यात भिजवून घेतात, म्हणून कडं अखंड निघतं. पण अस्वल, फुलपाखरू, मोटार अशा आकाराचा केकचा साचा हौसेनं आणला, की साच्याची आधी तयारी करावी लागते हे आपण नेमकं विसरतो. मग ऐन वाढदिवसाच्या संध्याकाळी पाहुणे दारात, आणि अस्वलाचं नाक साच्यात!

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. फैजपूर-सावद्याकडच्या कितीतरी घरांत अंडं चालत नाही. विकतचा केक आला की सासूबाई 'मला नको' म्हणून बाजूला बसतात. वाढदिवस नातवाचा, आणि आजीचंच तोंड गोड व्हायचं राहतं. म्हणून केक बिनअंड्याचाच हवा. पण साच्याबरोबर येणारी कृती बहुधा अंड्याची असते. भाजताना अंडं घट्ट होतं आणि केकला आतून धरून ठेवतं. तेच काढून टाकलं आणि हलका, जाळीदार केक केला, तर कान-नाक तुटणारच. आकाराच्या साच्याला घट्ट विणीचा केक लागतो.

त्यासाठी आपलं केळं उत्तम! यावल-रावेरच्या बागांमुळे आपला जिल्हा ओळखला जातो, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सालीवर काळे ठिपके पडलेली केळी कुणी विकत घेत नाही, पण केकला तीच घ्या. त्यांतल्या पिठूळपणाची साखर झालेली असते आणि गर पिठाला छान बांधून ठेवतो.

आधी साचा मोजा

साच्यात कपाकपानं पाणी ओतून तो किती कपांचा आहे ते पाहा आणि त्याच्या दोन तृतीयांशच पीठ घाला. सहा कपांच्या साच्याला हे प्रमाण पुरतं : मैदा २५० ग्रॅम, केळ्याचा गर ३०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दही १२० ग्रॅम, तेल १०० मिलिलिटर, दूध पाव कप, बेकिंग पावडर १ चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. गर अंदाजानं वाढवू नका हं. जास्त गरानं केक ओलसर राहतो आणि चिकटतो. कोरडं साहित्य चाळून घ्या, ओलं वेगळं फेटा. दोन्ही एकत्र केल्यावर फार घोटू नका आणि ताटकळत ठेवू नका. दह्याशी सोड्याचं काम लगेच सुरू होतं.

कोपऱ्यांकडे लक्ष

साच्याला लोणी लावू नका. लोण्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो करपून चिकटतो. वनस्पती तूप, तेल आणि मैदा समभाग घेऊन गुळगुळीत लेप करा आणि ब्रशनं प्रत्येक खाचेत पोचवा. पहिले दोन-चार चमचे पीठ नाक, कान, शेपटी अशा बारीक जागी घालून चमच्यानं दाबा, मग उरलेलं ओता. साचा ओट्यावर दोनदा आपटला की हवेचे बुडबुडे निघून जातात.

आच मंद ठेवा

कान पातळ आणि पोट खोल, म्हणून सगळं एकसारखं भाजत नाही. ओव्हन आधी तापवून १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवा, वेळ थोडा जास्त द्या. कडा लवकर लाल झाल्या तर तेवढ्यावर चांदीचा कागद घाला. काडी मात्र सर्वांत खोल जागी टोचून पाहा.

मधे भोक असलेला नक्षीदार साचा तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या डेव्हिड डालक्विस्ट यांनी १९५० मध्ये तिथल्या ज्यू महिलांच्या विनंतीवरून तो ओतीव ॲल्युमिनियममध्ये घडवला. त्या भोकामुळे उष्णता मध्यभागापर्यंत पोचते आणि जाड केकही आतून कच्चा राहत नाही. पहिल्यांदाच करणार असाल तर तसाच साचा घ्या, अस्वल नंतर!

काढण्याची वेळ

केक बाहेर काढल्यावर घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं थांबा. गरम काढला तर चुरा होतो. पूर्ण गार झाला तर तूप थिजतं आणि केक साचा सोडत नाही. तसं झालंच, तर साच्याच्या बुडाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं लावा. वर आलेला फुगवटा साच्यातच सुरीनं सपाट कापा, म्हणजे अस्वल ताटात डुगडुगणार नाही. त्यावर जाळी ठेवून एका झटक्यात उलटा. साचा तारेच्या घासणीनं कधी घासू नका. एक ओरखडा पडला की पुढच्या वेळी केक तिथेच अडकतो.

सजावट आपलीच

१९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून केली होती. आपणही तसंच करू या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे लोण्याचं आयसिंग वितळून ओघळणारच. त्यापेक्षा दळलेली साखर भुरभुरा. डोळ्यांना मनुके, नाकाला काजू आणि कडेला भाजलेले तीळ शोभतात. नक्षी खरं तर साच्यानं केलेलीच असते.

पहिला प्रयोग वाढदिवसाच्या आठ दिवस आधी, घरच्यांपुरता करून पाहा. साच्याचा आणि आपल्या ओव्हनचा स्वभाव कळतो. मग खऱ्या दिवशी अस्वल नाकाकानासकट ताटात उतरेल, आणि पहिला तुकडा आजीला द्यायला विसरू नका बरं का!