वेगाची शाळा: चेन्नईचे एमआरएफ पेस फाउंडेशन

भारताला वेगवान गोलंदाजीची परंपराच नव्हती, असे अनेकदा म्हटले जाते; परंतु १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा नवा चेंडू महंमद निसार आणि अमरसिंग या दोन अस्सल वेगवान गोलंदाजांच्या हाती होता आणि निसार यांनी पहिल्याच डावात पाच बळी घेतले होते, हे लक्षात घेतले तर ते विधान टिकत नाही. उणीव होती ती असे गोलंदाज एकामागून एक घडवणाऱ्या व्यवस्थेची. पुढे दत्तू फडकर आणि लहान चणीचे रमाकांत देसाई असे गोलंदाज मुंबईने दिले, तरी बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांच्या काळात नव्या चेंडूचे काम त्याची लकाकी घालवण्यापुरतेच उरले आणि ते कधी एकनाथ सोलकर, तर कधी चक्क सुनील गावसकर यांनी उरकले. १९७८ मध्ये कसोटीत पदार्पण करून कपिलदेव यांनी हे चित्र बदलले खरे, परंतु दुसऱ्या टोकाकडून त्यांना तोलामोलाची साथ क्वचितच मिळाली.

या पार्श्वभूमीवर १९८७ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये, चेतपेट भागातील एका शाळेच्या मैदानावर, एमआरएफ या टायर कंपनीने केवळ वेगवान गोलंदाजांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. कल्पना कंपनीचे रवी मॅमेन यांची होती. मार्गदर्शक म्हणून ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांना आणण्यात आले आणि वर्षभराचे दैनंदिन काम भारताकडून दोन कसोटी सामने खेळलेल्या टी. ए. शेखर यांनी सांभाळले. भारतीय क्रिकेट मंडळाची राष्ट्रीय अकादमी बंगळूरला सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले, त्यामुळे मंडळाचे काम एका कारखानदाराने तेरा वर्षे आधी हाती घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही.

लिली यांची निवड केवळ त्यांच्या कीर्तीमुळे सार्थ ठरली असे नाही. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना सूक्ष्म तडे गेले होते आणि दीर्घ व्यायामानंतर, आपली शैली नव्याने बांधून, ते मैदानावर परतले होते. वेगवान गोलंदाजाचे शरीर कोठे मोडते हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणी आपला पुढचा, म्हणजे डावा पाय क्रीझमध्ये जोराने रोवतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का टाच, गुडघा आणि कंबर यांतून वर चढतो. मागचा पाय क्रीझला समांतर पडला आणि खांदे व कंबर दोन्ही फलंदाजाच्या दिशेने आडवी राहिली, तर ती आडव्या अंगाची शैली होय. पाऊल फलंदाजाकडे रोखलेले असून छातीही त्याच्याकडे वळलेली असेल, तर ती समोरील अंगाची. दोन्ही शैली तुलनेने सुरक्षित मानल्या जातात. धोका असतो तो मिश्र शैलीत, म्हणजे कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतात तेव्हा, कारण या स्थितीत कणा पिळवटतो, त्याच वेळी डावीकडे वाकतो आणि नेमक्या त्या क्षणी खालून तो धक्का येऊन आदळतो. हे हजारो वेळा घडले की कमरेच्या खालच्या मणक्यांना तडा जातो. हाडे पुरती पक्व न झालेल्या किशोरवयीन गोलंदाजांत हे विशेष आढळते. म्हणूनच चेन्नईत वेग वाढवण्याच्या आधी पाऊल कसे पडते हे पाहिले जाते, चित्रफितीवरून दोष दाखवला जातो आणि नवी सवय अंगवळणी पडेपर्यंत कमी धावून, कमी वेगाने गोलंदाजी करून घेतली जाते. या कामाला चिकाटी लागते आणि त्यात दिखाऊ असे काहीच नसते.

संस्थेत येऊन गेलेल्यांत जवागल श्रीनाथ, वेंकटेश प्रसाद, इरफान पठाण आणि मुनाफ पटेल यांची नावे आहेत. ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मॅकग्राही तरुणपणी येथे शिकले आणि २०१२ मध्ये लिली यांच्या जागी आले. फलंदाज म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेले सचिन तेंडुलकर आरंभी वेगवान गोलंदाज होण्यासाठी येथे आले होते आणि लिली यांनी त्यांना फलंदाजीकडेच लक्ष देण्यास सांगितले, हा सल्लाही संस्थेच्या जमेस धरावा लागेल. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलके उदाहरण श्रीरामपूरच्या झहीर खान यांचे आहे. शेखर यांनी त्यांना चेन्नईला नेले, तेथून ते बडोद्याकडून खेळले आणि २००० मध्ये भारतीय संघात आले. परंतु त्यांची गोलंदाजी परिपक्व झाली ती संघातून वगळले गेल्यावर, २००६ मध्ये इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्याकडून हंगामभर षटकांमागून षटके टाकल्यानंतर. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्यांनी नऊ बळी घेतले आणि भारताने ती मालिका जिंकली.

संस्थेची मर्यादाही याच उदाहरणात दिसते, कारण शैली आणि शरीर घडवणे तिच्या हाती असले तरी गोलंदाज पुढे कोठे आणि किती गोलंदाजी करणार हे तिच्या हाती नसते. स्थानिक स्पर्धांत पाटा किंवा फिरकीला पोषक खेळपट्टीच मिळाली, तर कर्णधार वेगवान गोलंदाजाला चार-पाच षटकांनंतर बाजूला ठेवतो, आणि इरफान व मुनाफ यांच्याप्रमाणे वेग काही वर्षांतच ओसरल्याची उदाहरणेही आहेत. २०१८ मध्ये भारताच्या बुमराह, शमी आणि इशांत शर्मा या वेगवान गोलंदाजांनी मिळून कसोटीत १३६ बळी घेतले, तेव्हा हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण पुढच्याच वर्षी बुमराह यांच्या पाठीला तडा गेला आणि २०२३ मध्ये त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणूनच आयपीएल, एकदिवसीय आणि कसोटी सामने यांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी सामन्यांच्या तारखा ठरवण्यापूर्वी गोलंदाजांच्या षटकांचा हिशेब मांडला पाहिजे.