गाईचं औषध कुत्र्याला? आमच्या मोत्याचा धडा

सख्यांनो,

मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत गोचिडांचा विषय निघाला, तेव्हा मी मोत्याची गोष्ट सांगितली. ती सगळ्या गटांपर्यंत जावी असं ठरलं, म्हणून लिहिते आहे. चूक माझ्याच हातून झाली, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

मोत्या आमचा गावठी कुत्रा. वजन साधारण १५ किलो. गटाच्या कर्जातून घेतलेल्या सात शेळ्यांची राखण तोच करतो. पावसाळ्यात त्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड भरले. घरात आयव्हरमेक्टिनची उरलेली बाटली होती. भाकड गाईला डॉक्टरांनी त्यातलं ६ मिली इंजेक्शन दिलं होतं. मी मनाशी हिशोब केला, गाय मोठी, कुत्रा लहान, मग निम्मं देऊ. ३ मिली भाकरीत कालवून खायला घातलं. दुसऱ्या दिवशी गोचीड तसेच दिसले, म्हणून पुन्हा ३ मिली दिलं.

त्या रात्री मोत्या दारूड्यासारखा झोकांड्या खायला लागला. तोंडातून लाळ गळत होती, अंग थरथरत होतं. बॅटरी मारली तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या. सकाळी तो भिंतीला धडकला, तेव्हा कळलं की त्याला दिसतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली, उतारा काढ." मी मात्र बाटली हातात घेतली आणि पशुसखी ताईंना फोन लावला.

हिशोब कुठे चुकला?

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटलीवरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. त्या बाटलीतल्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध होतं, आणि १ मिली हे ५० किलो वजनाच्या गुरासाठी होतं. ३०० किलोच्या गाईला ६ मिली बरोबर. त्याच मापानं १५ किलोला होतात ०.३ मिली, म्हणजे थोडेसेच थेंब. मी दिलं ३ मिली. दहापट! तेही दोनदा. आधीचं औषध अंगातून उतरायच्या आतच दुसरं पोटात गेलं.

हे औषध वाईट नाही. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल मिळालं आहे. जंत आणि गोचिडांच्या नसा बधिर करून ते त्यांना मारतं. आपल्या आणि जनावरांच्या मेंदूभोवती एक कुंपण असतं, त्यामुळे योग्य मापात दिलेलं औषध मेंदूत शिरत नाही. माप फार वाढलं की कुंपण पुरं पडत नाही. मग तोल जातो, अंग थरथरतं, दिसेनासं होतं आणि शेवटी कुत्रा बेशुद्ध पडतो. कोली आणि काही मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांत हे कुंपण जन्मतःच कमजोर असू शकतं. त्यांना थोडं औषधही बाधतं. लहान पिल्लांनाही धोका जास्त. डॉक्टर खरजेसाठी कुत्र्याला हे औषध देतात, पण जात, वय, वजन बघून आणि मोजून.

मोत्या कसा उठला?

या विषबाधेवर उतारा म्हणून असं एखादं इंजेक्शन नाही. औषध अंगातून निघून जाईपर्यंत जीव सांभाळायचा, एवढंच हातात असतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि औषधी कोळसा दिला. हे औषध पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, तिथे कोळसा त्याला धरून ठेवतो. घरी आणल्यावर त्याला अंधाऱ्या, शांत जागी गोणपाटावर ठेवलं. दर तीन-चार तासांनी कूस बदलली, म्हणजे अंगाला जखमा होत नाहीत. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घातलं. गिळता येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या रात्री मी शेळ्यांच्या गोठ्यात झोपले, कारण राखणदारच पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मान उचलली. पाचव्या दिवशी लटपटत उभा राहिला. नवव्या दिवशी मी भाकरीचा तुकडा हलवला आणि त्याची नजर त्यामागं फिरली. मी तिथंच बसून रडले. आता तो पुन्हा शेळ्यांमागं जातो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर

- औषधाची बाटली किंवा खोकं सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. किती दिलं, कधी दिलं, ते खरं सांगा. लाजू नका, त्यावरच उपचार ठरतात. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर फोनमध्ये जतन करून ठेवा.
- झोकांड्या खाणाऱ्या किंवा बेशुद्ध जनावराच्या तोंडात दूध, ताक, मिठाचं पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं. उलटी काढायचा प्रयत्नही घरी करू नका.
- माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्याही कुत्र्या-मांजरांना देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं.

गोचिडांचं म्हणाल, तर नुसतं औषध देऊन भागत नाही. कुत्र्यावरच्या गोचिडाची मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून भेगा बुजवा, जुनी गोणपाटं बदला, गोठा कोरडा ठेवा. गोचीड चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात टाका, नखानं चिरडू नका. औषध कोणतं आणि किती, ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या गटानं आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. उरलेल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची: कोणत्या जनावरासाठी, किती वजनाला किती, मुदत कधीपर्यंत. एकीचं उरलेलं औषध दुसरीनं विचारल्याशिवाय वापरायचं नाही. आणि औषध देण्याआधी जनावराचं वजन काढायचं. कुत्र्याचं वजन काढणं सोपं आहे. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची.

गटाच्या वहीत आपण रुपया-रुपयाचा हिशोब ठेवतो. औषधाच्या थेंबांचाही ठेवूया.