जंताघराला धुराडे होते

‘ताई, घाम काढला की आजार निघून जातो का?’ वस्त्यांमध्ये फिरताना भगिनी आम्हाला हे हमखास विचारतात. मोठ्या हॉटेलांत आणि जिममध्ये ‘सौना’ची लाकडी खोली असते, हे आता मोबाइलमुळे घरोघरी माहीत झाले आहे.

प्रश्न जुनाच आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीची हकिकत येते. तिथे भिक्खूंना रोज गोडधोड जेवण मिळू लागले, शरीरे जड झाली, आजार वाढले. कामानिमित्त आलेल्या जीवक वैद्याने हे पाहिले आणि भगवान बुद्धांकडे दोन गोष्टींची अनुमती मागितली: चंक्रमण, म्हणजे फेऱ्या घालणे, आणि जंताघर, म्हणजे गरम खोलीत बसून घाम काढणे. दोन्हींना अनुमती मिळाली. (जीवकाने चालणेही सांगितले होते, हे मात्र आपण सोयीने विसरतो.)

पुढचे तपशील आम्हा नर्स लोकांना फार आवडतात. जंताघर लहान असेल तर चूल एका बाजूला, मोठे असेल तर मध्ये. तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला माती लावायची. बसायला पीठ. आणि धूर बाहेर जाण्यासाठी धूमनेत्र, म्हणजे धुराडे.

फिनलंडमध्ये सौना घरोघरी असते. आतले तापमान साधारण ८० ते १०० अंश, हवा कोरडी. तिथल्या कुओपिओ भागातील २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे २० वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. पण मुळात धडधाकट माणूसच वारंवार सौनात जात असेल, ही शक्यता उरतेच. शिवाय त्यात बाई एकही नव्हती. घामाने ‘विष’ बाहेर पडते, वजन उतरते, हे तर खरे नाही. उतरते ते पाणी, दोन तांबे प्यायले की परत येते.

आणि सातपूर-अंबडला भट्टीपुढे किंवा वीटभट्टीवर आठ तास घाम गाळणाऱ्याला हा फायदा मिळतो असे कुणी समजू नये. सौना दहा-वीस मिनिटांची, आपल्या मर्जीची, नंतर पाणी आणि विश्रांती. कामावरच्या उष्णतेत यातले काहीच नसते.

आपल्या घरातली खरी सौना म्हणजे बाळंतिणीची शेक-शेगडी. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद. उबेने बाईला बरे वाटते, ते आम्ही नाकारत नाही. पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. आई गुंगते, डोके दुखते, आणि घरचे म्हणतात, ‘झोप लागली, शेक मानवला.’ शेजारचे बाळ तर त्या धुरातच श्वास घेत असते. त्यात बाळंतपणात रक्त गेलेले, हिमोग्लोबिन आधीच कमी. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना बाई कोसळते.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना म्हणा, ऊब हवीच, निखारे नकोत. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून कमरेला द्या, सिझेरियनच्या टाक्यांपासून दूर. अंघोळीला गरम पाणी, अंगावर गोधडी, प्यायला भरपूर पाणी, आणि खिडकी थोडी उघडी. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, सौना किंवा वाफेची खोली नको. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी आणि दारू प्यायलेल्यांनीही नको.

बाळंतिणीला ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीला सूज व दुखणे, किंवा खूप रक्त जात असेल तर शेक देत बसू नका, १०८ ला फोन करा. शेगडीच्या खोलीत कुणी गुंगलेले दिसले तर आधी दार उघडून आई आणि बाळ दोघांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग फोन.