घाटाखाली हवी एक पडवी

पहाटे मुलुंड चेकनाक्यावरून नाशिकच्या दिशेने निघालेला सायकलस्वार शहापूर मागे टाकून कसाऱ्याला पोहोचतो, तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते. कॅरिअरवर पंधरा-वीस किलो सामान आणि पुढे सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीपर्यंतचा चढ. घाटाला भिडण्याआधी त्याला तासभर पाठ टेकायची असते. मग ढाब्यावरची खाट, पेट्रोल पंपाची सावली नाहीतर एखाद्या देवळाचा सभामंडप शोधायचा.

मुंबईला लांब पल्ल्याची सायकल नवी नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये इथून जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. आज ऑडॅक्स या लांब पल्ल्याच्या सायकलप्रकारातल्या एका राइडमध्ये ६०० किलोमीटर ४० तासांत कापायचे असतात. खाणे, झोप, पंक्चर सगळे त्यातच. अशा वेळी दीड तासाची निर्धास्त झोप मोलाची ठरते.

मग निवारा कसा असावा?

कोकणपट्टीत पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून त्या अंगाला भक्कम भिंत, पूर्वेला उघडी पडवी आणि मीटरभर पुढे आलेली वळचण. जोते उंच, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पण सामानासह सायकल चढवता यावी म्हणून पायऱ्यांऐवजी उतार. झोपायचा ओटा सपाट आणि माणसाच्या उंचीएवढा लांब. बसथांब्यावरची अरुंद, तिरकी बैठक इथे कामाची नाही. सायकल बांधायची दांडी ओट्याला लागूनच हवी, कारण सायकल नजरेआड असली की डोळा लागत नाही. जोडीला पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, मोबाइल आणि दिवे चार्ज करायला प्लग, हवेचा पायपंप. आणि रात्रभर जळणारा दिवा. एकट्या बाईलाही इथे थांबावेसे वाटायचे, तर निवारा निर्जन वळणावर नको; गावाच्या किंवा पंपाच्या नजरेत हवा.

वाटसरूंची अशी काळजी या वाटेने पूर्वी पाहिली आहे. कसारा घाटात घुमटाने झाकलेली जुनी विहीर आहे. ती अहिल्याबाई होळकरांनी बांधल्याचे सांगतात. झाकल्यामुळे पाण्यात पालापाचोळा पडत नाही.

बांधण्याइतकाच प्रश्न निगराणीचा. स्कॉटलंडमध्ये १९६५ साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन डोंगरांतली शंभरेक साधी घरे स्वयंसेवकांच्या बळावर राखते. ती वाटसरूंना विनामूल्य खुली असतात. आपल्याकडे महामार्गांवर ठरावीक अंतराने प्रवासी सुविधा केंद्रे उभारण्याचे धोरण आहेच. त्यांच्या आराखड्यात मोटारींच्या पार्किंगशेजारी ही पडवी बसवता येईल. सुरुवात कसाऱ्याच्या पायथ्यापासून करावी. दुसरी बोरिवली-दहिसरहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर मनोरच्या आसपास आणि तिसरी खोपोलीत, बोरघाटाखाली. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी असल्याने पुण्याला जाणारे सायकलस्वार तिथूनच घाट चढतात.