बेला ते कुंतला : दोघांची एका दिवसाची मोटारसहल

इटलीच्या सहलीची वर्णने आता मराठी घरांतूनही ऐकू येतात. भाड्याची मोटार, टस्कनीच्या टेकड्यांमधला वळणांचा रस्ता, दुपारी एखाद्या लहान गावातील भोजनगृहात दोन तास रेंगाळलेले जेवण आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी परत, असा तो दिवस असतो. आदिलाबाद जिल्ह्यातील बेला येथे राहणाऱ्या पती-पत्नीला असाच एक दिवस काढावयाचा असेल तर? रस्ता आहे, पाहण्याजोगे आहे, खाण्याजोगेही आहे. अडचण निराळीच आहे.

बेला हे तेलंगणाच्या उत्तर टोकाचे, पैनगंगेच्या खोऱ्यातील मंडल. येथून एका बाजूस रस्ता कोरपना, गडचांदूर, राजुऱ्याकडे जातो. दुसऱ्या बाजूस जैनथमार्गे आदिलाबादला. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि बेला अलीकडे राहिले. सीमा झाली तरी सोयरिकी आणि बोली तुटल्या नाहीत, त्यामुळे या प्रवासात मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानी पडतात.

सकाळचा पहिला थांबा जैनथ. येथील लक्ष्मीनारायणाचे जुने दगडी मंदिर अनेकांना ठाऊक आहे; परंतु परमार राजपुत्र जगद्देव याच्या काळातील संस्कृत शिलालेख याच गावी मिळाला, हे फारसे कोणी सांगत नाही. माळव्याच्या उदयादित्याचा हा पुत्र दक्षिणेत चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास आला होता. धारानगरीच्या राजकुळाचा धागा आपल्या कापसाच्या रानापर्यंत पोहोचतो, एवढ्यासाठी तरी येथे अर्धा तास द्यावा.

आदिलाबादनंतर राष्ट्रीय महामार्ग ४४ लागतो. नेरडीगोंडा येथून आत वळले की कुंतला धबधबा. कडेम नदी येथे सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. तेलंगणातील हा सर्वांत उंच धबधबा मानला जातो. त्याचे नाव शकुंतलेवरून पडले, अशी समजूत आहे. खाली उतरण्यास शेकडो पायऱ्या आहेत आणि चढताना त्या दुप्पट वाटतात. पाऊस सरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ बरा. उन्हाळ्यात केवळ खडक पाहावा लागतो. डोहात मात्र उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याने पोहता येणाऱ्यांचेही बळी घेतले आहेत. चढण नको असेल त्यांनी जवळच्या पोचेरा धबधब्यावर जावे. तो उंचीने लहान, पण पसरट आणि भरदार आहे.

आता जेवण. इटलीतील भोजनगृहांत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच एवढेच मिळते. तीन वाजता पोहोचणाऱ्यास स्वयंपाकघर बंद आढळते. म्हणून तेथील प्रवासी आधी जेवणाची वेळ ठरवतात आणि मग रस्ता. बसण्याचा आकारही माणशी वेगळा लावतात, तो बिलात पाहून आपले लोक चकित होतात. आपल्याकडे वेळेचे बंधन सैल आहे. पण धबधब्याजवळ बसून जेवता येईल अशी सोय गृहीत धरू नये. शहाणपण शिदोरीतच आहे : ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी. अंबाडी म्हणजेच आंध्रातील गोंगुरा आणि तेलंगणातील पुंटिकूर. भाकरी म्हणजे येथील जोन्न रोट्टे. नावे बदलली तरी पान तेच, पीठही तेच.

अडचण आहे ती येथेच. दोघांनी निवांत बसावे अशी सावली, स्त्रीला वापरता येईल असे स्वच्छ प्रसाधनगृह आणि घरगुती ताट, या तीन गोष्टी वाटेवर खात्रीने मिळत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे सहल म्हटली की सारे कुटुंब, डबे आणि देवदर्शन. दोघांनीच निघणे अजूनही अवघडल्यासारखे वाटते. इटलीने १९८५ मध्ये कृषिपर्यटनाचा कायदा करून शेतकऱ्याला आपल्याच घरी पाहुण्यांना जेवू-राहू देण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषिपर्यटन धोरण आणले. बेल्याच्या एखाद्या शेतकरी घराने बांधावर चूल मांडून चार ताटे वाढली, तर कापसाच्या भावावर टांगलेल्या संसाराला थोडा आधार होईल, असे मला वाटते. धबधबा पाहून परतणाऱ्याच्या पैशापैकी वाटेतील गावांत आज फारसे काही राहत नाही.

ज्यांना खरोखर इटलीतच मोटार चालवायची आहे, त्यांनी आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना परिवहन कार्यालयातून न्यावा. त्याची मुदत एक वर्ष असते. फ्लॉरेन्स, पिसा यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात परवानगीविना मोटार नेता येत नाही. तेथे कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. मद्याची मर्यादा तेथे रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम. आपल्याकडे त्याहून कडक, ०.३ ग्रॅम.

कुंतलाहून दुपारी तीनच्या सुमारास निघावे. दिवाळीनंतर आदिलाबादच्या बाजाराकडे कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांपैकी अनेकांना मागे दिवा नसतो, आणि बेल्याचा रस्ता दिवस मावळण्याआधी गाठलेला बरा.